ठेसनाची चौकट

८ जानेवारी

मंजुश्रीला आधीच बजावलंय, मी बोलते तसंच लिहायचं, मधी आपलं शहाणपण घालायचं न्हाई. आज्जीला अक्षर येत न्हाई म्हणून काय पण खपवशील तर बघ. ती हसायलीय. तेबी लिही म्हणलं.

निर्ण्याहून दोन बस बदलून दुपारी कडगंचीला पोचले. नात इथं आपिसात कामाला, भाड्याच्या घरात. सोबतीण लगीन करून गेली, लेक आणि सून तुरीच्या राशीत गुंतलेली, म्हणून महिनाभर नातीची राखण माझ्याकडं आली. कोण कुणाची राखण करतंय ते दिसंलच. घर उजेडाचं हाय. संध्याकाळी चहा झाला की ही वही भरायची असं ठरलंय.

आतल्या खोलीत पलंग हाय, पण त्यावर निजायला जागा न्हाई, तिथं रेल्वे हाय. फळीवर रूळ, वीतभर डबे, बटण दाबलं की गोल फिरायलेत. चोवीस वर्षांची घोडी. लग्नाचं विचारलं तर म्हणते, आधी ठेसन बांधून होऊ दे.

११ जानेवारी

ठेसन खोक्यातून येतं. भिंती, खिडक्या, कौलं, सगळं एका जाळीला चिकटलेलं. एकेक तुकडा कापायचा, बारीक पॉलिशपेपरनं कड घासायची, सुईच्या टोकानं डिंक लावायचा. डिंक जास्त झाला की भिंत धुरकटते. तिकिटाची खिडकी नखाएवढी, बाकडं तांदळाच्या दाण्याएवढं. एक बाकडं चिमट्यातून उडालं, ते मीच पलंगाखालून काढलं. मोतीबिंदू काढल्यापासून माझी नजर तिच्यापेक्षा तेज. तिनं मला मुकादम केलंय, पगार चहाचा.

१३ जानेवारी

आज ठेसनाच्या दाराची चौकट बसली. आमच्यात चौकट पूजल्याबिगर घर पुढं जात न्हाई. काडेपेटीतल्या काडीएवढी चौकट, पण चौकट ती चौकट. काडीनंच हळद-कुंकू लावलं, सुपारीचं खांड ठेवलं. पूजा कुणाच्या नावानं, हे विचारायची रीत हाय. मंजू म्हणाली, आज्जी, ठेसन माझं, तर नाव बी माझंच. मग तिचंच नाव घेतलं. दोघी लई हसलो. एवढ्याशा घरात सून म्हणून नांदायला कोण येणार, असंबी तिला चिडवलं.

१६ जानेवारी

सकाळी ठेसनाच्या खिडकीत उजेड होता. दिवा अजून खोक्यातच हाय, तार जोडलेली न्हाई. मंजू म्हणाली, ऊन पडलं असंल. ती खिडकी उन्हाकडं तोंड करून न्हाई.

मंजूच्या हातातल्या बांगड्या निघून पडायल्यात. चप्पल बी मोठी व्हायलीय. मी म्हणलं, डब्यात काय नेतेस, हवा? पोटभर खाते तरीबी.

१९ जानेवारी

वरच्या फळीवरचा डाळीचा डबा तिच्या हाताला लागला न्हाई. परवापर्यंत लागत होता. स्टूल घेऊन चढली आणि डबा काढला.

जेवताना आपणहून सांगायलीय की ठेसनात आत शहाबादी फरशी हाय, पायाला गार लागते. आत तर पुठ्ठा हाय. मी स्वतः चिकटवलाय. तुला कसं ठाऊक, विचारलं. तिलाच ठाऊक न्हाई.

२१ जानेवारी

ती आपिसाला गेली तसा अक्कम्माला फोन लावला. निर्ण्यात तिच्याबिगर कुणाची चौकट बसत न्हाई. आधी ती हसली, मग एकदम थांबली. म्हणाली, नाव घेऊन चौकट पूजली आणि माणूस राहायला गेला न्हाई? घर रिकामं ठेवू नये, राजूबाई. वाट बघून घर माणसाला आपल्या मापाचं करून घेतं.

चेष्टा केली होती म्हणलं. घराला चेष्टा कळत न्हाई म्हणाली.

हे मंजूच लिहायलीय. खाली बघूनच लिहायलीय.

२२ जानेवारी

चौकट उपटून काढायला गेले. बोटानं हलवली तशी स्वयंपाकघरातून मंजूची किंकाळी. पळत गेले. बरगडी धरून बसली होती. चौकट तशीच ठेवली. आता ठेसनाला हात लावायची सोय न्हाई —

मला अक्षर येत न्हाई, पण दिसतं. आधी एवढ्या बोलण्याला पान भरायचं. आज चारच ओळी. अक्षर कसलं, मुंग्यांची रांग. विचारलं तर म्हणते, आज्जी, मी रोजच्यासारखंच लिहायलेय.

मोठं लिही गं बाई.

२३ जानेवारी, सकाळ

स्टुलावर बसून बी ताटाला पुरत न्हाई. उचलून कडेवर घेतली. चोवीस वर्षांची —

पुन्हा अक्कम्मा. दुसऱ्या कुणी त्याच चौकटीला आपलं नाव द्यावं, म्हणाली. पुरं नाव, नवऱ्याच्या नावासकट. मग पहिलं सुटतं. बाईनं नवऱ्याचं नाव घेऊ नये ही आमची रीत, ती तिलाबी ठाऊक हाय.

मंजूला सांगितलं न्हाई. सांगितलं तर ती लिहीलच की. हं, आता लिहिलं. रडू नको. मी म्हातारी, मला ठेसनात काय कमी? येणारे-जाणारे बघत बसंन.

२३ जानेवारी, दुपार

हळद उगाळलीय. बोटाला लावलीय.

मंजू, कुठं बसलीस? चटईवर न्हाईस. वही उघडी हाय. पेन आडवं पडलंय आणि सरकायलंय, कुणी ओढल्यावाणी — थांबू नको, ओढ. मी बोलते तसंच लिही.

ठेसनात उजेड झालाय. फरशीवर कुणीतरी —

बोट चौकटीवर ठेवलंय. मंजुश्रीचं नाव माघारी घेते. मालकाचं नाव साठ वर्षांत तोंडातून काढलं न्हाई, आज काढते. दम धर बाळ, पुरं लिही. ह्या घरात नांदायला येतेय राजूबाई माणि