टाकी न फोडता मला बाहेर काढण्याबाबत

मी, बिरप्पा मायाप्पा कोळेकर, वय वर्षे त्रेसष्ट, मिलच्या सायझिंग खात्यातून निवृत्त, राहणार भवानी पेठ, सोलापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व कोणाच्याही दाबाखाली न येता लिहीत आहे. डॉक्टरांच्या मते माझे हृदय थकले आहे, पण डोके शाबूत आहे. माझी पत्नी केराबाई हिचे मत नेमके उलटे आहे. परंतु कायद्याला डॉक्टरांचेच मत चालते.

कलम १. माझे दोन खोल्यांचे घर माझ्यामागे केराबाईचे. तिच्यामागे मुलगा जोतीराम याचे, जो श्रीपूरला साखर कारखान्यात नोकरीस आहे. अट एकच. बाहेरच्या खोलीत मी बांधलेली माशांची टाकी फोडायची नाही. दिवाळीला आला तेव्हा जोतीराम म्हणाला, "आण्णा, पहार आना, दोन तासांत मोकळं करतो." जो टाकीला पहार लावील त्याचा घरावरचा हक्क त्याच क्षणी संपला असे समजावे, मग तो पोटचा का असेना.

कलम २. पोस्टाचे पुस्तक केराबाईच्या नावे. ते कुठे आहे हे तिला ठाऊक आहे, मला नाही.

कलम ३. टाकीची हकीकत नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी वेडा म्हणू नये, किंवा म्हटले तरी माहिती घेऊन म्हणावे. त्र्याहत्तर साली डॉक्टरांच्या दवाखान्यात बसलो असता तिथे काचेची लहान पेटी व तीत मासे पाहिले. आदल्याच वर्षी आम्ही घागरभर पाण्यासाठी शेजाऱ्यांची डोकी फोडायला निघालो होतो, आणि हे मासे पाण्यात नुसते बसून होते. मला फार शांत वाटले. मी घरी येताना प्लायवूड घेऊनच आलो.

प्लायवूडचा तक्ता आठ फूट बाय चार फूट येतो. इतका सरळ, गुळगुळीत तक्ता कापायला माझा हात धजेना; दोन बाजूंसाठी एक मधोमध कापावा लागला तेवढाच. म्हणून टाकी आठ फूट लांब, चार फूट रुंद आणि चार फूट उंच झाली. पुढची काच एका बंद पडलेल्या दुकानाच्या शोकेसची. दीडशेच्या वर घागरी पाणी बसते. टाकी पुरी झाल्यावर केराबाईने दाराकडे पाहिले, मग टाकीकडे पाहिले, आणि स्वयंपाकाला लागली. दार अडीच फूट आहे. खोली रुंदीला नऊ फूट दोन इंच, म्हणजे जायला यायला चौदा इंचांची वाट उरली. गेली दोन वर्षे आमच्याकडे येणारे तिरके होऊन आत येतात.

मिलमध्ये चौतीस वर्षे मी सुताला खळ लावली. त्या सुताचे कापड कोणाच्या अंगावर गेले ते मी कधी पाहिले नाही. ही एकच वस्तू मी केली आणि ती माझ्यासमोर उभी राहिली. म्हणून कलम १ मधील अट.

कलम ४. करवत, रंधा, पटाशी जोतीरामला. त्याला उपयोग नाही, पण भाड्याने देऊ नयेत.

कलम ५. हे कलम लिहायला तीन दिवस लागले. टाकीचे सांधे बुजवायला मी सूत ठासले व त्यावर चिंचोक्याच्या खळीचे सात हात दिले. सुताला ताठ करायला खळ लावतात, आमच्या वाडवडिलांनी घोंगड्यांना लावली, मी जन्मभर तिचेच खाल्ले. जिने मला कधी दगा दिला नाही ती पाण्यात देईल असे मनात आले नाही. पण खळ म्हणजे शेवटी पिठाची लापशी. मासे ती एकोणीस दिवस आतून खात होते. मला वाटे, माझा हात त्यांना मानवला, म्हणून बाळसे धरतायत.

चौऱ्याहत्तरच्या आषाढात भर दुपारी सांधा सुटला. पाणी भिंतीखालून शेजारी धुळाप्पा वाघमोडे यांच्या घरात गेले. तिथे मंद्रूपच्या बाजारासाठी चाळीस घोंगड्या रचलेल्या होत्या. त्यांची खळ धुऊन त्या चिंध्यांसारख्या लोळल्या. धुळाप्पा म्हणाला, "बिरप्पा, ह्ये पानी तुजं हाय." मी म्हणालो, पावसाचे आहे. त्याने घोंगडीतून जिवंत मासा काढून दाखवला. मी म्हणालो, जोराच्या पावसात कधीकधी मासे पडतात. तो मासा माझ्या उंबऱ्यावर ठेवून गेला. तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे. पुढे मी टाकीला डांबर फासले आणि ती आजपर्यंत गळली नाही.

तर आता लिहून देतो की, पाणी माझे होते. मासाही माझाच होता.

कलम ६. चार महिन्यांपासून माझे पाय धरत नाहीत. तिरका होऊन टाकीशेजारून जाता येत नाही, म्हणून आतल्या खोलीत खाटेवर आहे. काच रस्त्याकडे आहे, तेव्हा मला टाकीची डांबर फासलेली पाठ तेवढी दिसते. मासे दिसत नाहीत. गेल्या सोमवारी केराबाई म्हणाली, "तुमाला भायेर कसं काढायचं, त्याचा काय इचार केलाय का?" मी म्हटले, डॉक्टर येतात की. ती म्हणाली, "तसं न्हाय. शेवटचं." मग तिने शिंप्याकडून टेप आणून माझे खांदे मोजले. साडेसतरा इंच भरले.

खिडकीतून माझे डोके तेवढे जाईल. उभे करून तिरके नेता येईल, पण जन्मभर सरळ चाललेल्या माणसाला शेवटी तिरके नेऊ नये. टाकी फोडायची नाही हे वर आलेच आहे. सबब माझ्या मृत्यूनंतर आतल्या खोलीची सामाईक भिंत दाराएवढी पाडावी, आणि मला धुळाप्पाच्या घरातून बाहेर न्यावे.

कलम ७. त्याबद्दल धुळाप्पास माझ्या आजोबांच्या हातची काळी घोंगडी द्यावी. चाळीस भिजवून एक देतो आहे हे मला कळते.

कलम ८. मासे अकरा आहेत. त्यांचे कालवण करू नये. निदान तेराव्यापर्यंत.

येथपर्यंत काल लिहून पुरे केले. आज सह्यांचे काम. साक्षीदारांनी मला सही करताना समक्ष पाहिले पाहिजे. पेठेतील दोन प्रतिष्ठित गृहस्थ बोलावले होते, पण दोघेही पोटाने प्रतिष्ठित. टाकीपाशी अडले, तिथेच चहा घेतला आणि परत गेले. कोर्टात कारकुनी केलेले मानसिंग माने अंगाने काटकुळे, ते आत आले. दुसरा बारीक माणूस कोण, तर केराबाई मला न विचारता धुळाप्पाला घेऊन आली. तो टाकीपाशी बराच वेळ थांबला, मग आत येऊन खाली बसला. माझ्याकडे पाहिले नाही.

मानसिंगने सगळे मोठ्याने वाचले. तशी गरज नव्हती, पण त्याला हौस. वाचून झाल्यावर म्हणाला, "धुळाप्पा, ज्याला वस्तू मिळनार त्यानं साक्ष घालू नये. घोंगडी घे, न्हाय तर सई कर."

धुळाप्पा म्हणाला, "पाचवं परत वाच."

मानसिंगने परत वाचले.

"सातवं खोड," धुळाप्पा म्हणाला. "मला काय नको."

"आन् भिंत?"

"भिंत माजी बी हाय की. आन् मेल्यावर कशाला पाडायची? उद्या सकाळी पाडतो. हितनं माज्या घरात, तितनं रस्त्यानं फिरून फुडच्या दारात. मी धरतो. बस की काचंम्होरं, आन् बग तुजं मासं."

मला रडू आले. हे मृत्युपत्रात लिहावे का, असे मानसिंगला विचारले. तो म्हणाला, कायद्याची हरकत नाही.

खाडाखोडीबाबत खुलासा: कलम ७ संपूर्ण खोडले आहे. कलम ६ मधील "माझ्या मृत्यूनंतर" हे शब्द धुळाप्पाच्या सांगण्यावरून खोडले असून तिथे "उद्या सकाळी" असे घातले आहे. दोन्ही मला मान्य.

सही: बिरप्पा मायाप्पा कोळेकर

साक्षीदार:
१. मानसिंग दगडू माने
२. धुळाप्पा रेवणप्पा वाघमोडे, शेजारी

सोलापूर, दिनांक १२ फेब्रुवारी १९७६