वधूपक्षाची खुर्ची

फ्रिस्को, टेक्सस
२ मार्च २०२५

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या कानातलं मशीन फोनवर शिट्ट्या मारतं हे माझ्या पथ्यावरच पडलं, त्यामुळे पत्रं तरी येतात. शंतनू गेल्यापासून चार वर्षं आपण दर महिन्याला एकच चित्रपट बघतोय, तुम्ही लेकीकडे, देवयानीताईंकडे आयसेलिनला आणि मी इथे, आणि मग आपण सासू-सुना गुणदोषांवरून भांडतोय. तुम्ही नागपूरच्या महिला मंडळाच्या भित्तिपत्रकात तीस वर्षं परीक्षणं लिहिलेल्या, तेव्हा जिंकता तुम्हीच.

या महिन्याचा चित्रपट नायजेरियाचा आहे. माझ्या लॅबमधल्या बुकोलाने सुचवला. ताईंना लिंक पाठवली आहे. फोलाके ही लेगॉसमधली विधवा, कपडे शिवते, सासूजवळ राहते. तिला आईवडील नाहीत. डेले नावाचा शिक्षक तिच्या प्रेमात पडतो.

दोष आधी सांगते. पार्श्वसंगीत इतकं मोठं की ऐन वेळी संवाद ऐकू येत नाहीत. योगायोग फार. डेलेची गाडी नेमकी तिच्याच दुकानासमोर तीनदा बंद पडते! पण फोलाकेचं काम करणारी बाई फार गुणी आहे. दुःख झालं की रडत नाही, नुसती कापड बेतता बेतता थांबते. शेवटाबद्दल मी काही लिहीत नाही, आधी तुम्ही लिहा.

सियाला शाळेत बक्षीस मिळालं. आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल सिद्धेशने तिच्याबरोबर बसून केला होता.

लोभ आहेच, या वेळी गुण देतानाही थोडा दाखवा.

तुमची,
आश्लेषा


आयसेलिन, न्यू जर्सी
११ मार्च २०२५

चि. आश्लेषास अनेक आशीर्वाद.

चित्रपट दोन बैठकांत संपवला. देवयानी पहिल्याच बैठकीत झोपली. लग्नाला आलेल्या बायकांनी डोक्याला बांधलेली ती भलीमोठी वस्त्रं मला फार आवडली, मात्र मागच्या रांगेतल्यांना काही दिसत असेल असं वाटत नाही.

सगळ्यात मोठा गुण मागणीच्या प्रसंगाचा. मुलाकडची माणसं रिबीन बांधलेलं पत्र घेऊन येतात. मुलीकडच्यांनी ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं आणि उत्तराचं पत्र द्यायचं. नवरामुलगा मित्रांसकट चक्क लोटांगण घालतो. पत्रावर लग्न ठरवणारी माणसं मला आपल्यातलीच वाटली.

मोठा दोष सासूचा. रोज मुलाचा फोटो पुसणारी ती बाई. सून तिला डेलेबद्दल सांगते, एक गाणं वाजतं, बाई खिडकीतून बाहेर बघते आणि पुढच्या दृश्यात वधूपक्षाच्या खुर्चीवर बसून पत्र वाचते. दोन मिनिटांत! लिहिणाऱ्याने त्या बाईला काही विचारलंच नाही. दहापैकी पाच.

एक दोष तुझ्या पत्रातही आहे. पुलाचं एवढंसं लिहून गप्प बसलीस. गेल्या सहा पत्रांत सिद्धेश पाचदा आला. एखादं पात्र किती वेळा येतं याकडे माझं लक्ष असतं. काय ते सरळ लिही.

सियाला गोड पापा. तुझ्यावर माया आहे, म्हणून विचारते.

आई


फ्रिस्को
१७ मार्च २०२५

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

पकडलंत. सिद्धेशने मला लग्नाचं विचारलं आहे. तो अमरावतीचा, माझ्या शेजारच्या विभागात आहे, त्याचा घटस्फोट होऊन सहा वर्षं झाली. मलाही तो आवडतो. पण मी अजून हो म्हटलेलं नाही, कारण तुम्हाला कसं सांगावं ते कळत नव्हतं. शेवटी एक चित्रपट पुढे केला. भित्रेपणाच झाला, माफ करा.

हॉलमधला शंतनूचा फोटो हलवायचा नाही, हे त्यानेच आधी म्हटलं. सियाला विचारलं तर तिने इंग्रजीत एवढंच विचारलं की आजी मग आपलीच आजी राहणार ना. तिचा प्रश्न तसाच तुमच्याकडे पाठवते. माझे आईबाबा गेल्यावर मला तुम्हीच आहात. तुम्ही दुरावणार असाल तर मला हे लग्न नको.

तो दोन मिनिटांचा प्रसंग मला आवडला होता. मला तसंच घडायला हवं होतं.

रागावलात तरी पत्रं थांबवू नका.

तुमची,
आश्लेषा


फ्रिस्को
३ एप्रिल २०२५

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

माझं पत्र पोचलं ना? ताई फोनवर म्हणाल्या की तुमची तब्येत ठीक आहे पण माझा विषय निघाला की तुम्ही उठून जाता. या महिन्याचा चित्रपटही मी निवडलेला नाही. रागाचं असलं तरी चालेल, पण दोन ओळी पाठवा.

आश्लेषा


आयसेलिन
९ एप्रिल २०२५

चि. आश्लेषास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं एकवीस मार्चला. सिनेमातल्या बाईला दोन मिनिटं लागली, मला एकोणीस दिवस लागले. त्या दोषाबद्दलचं माझं मत कायम आहे.

आधी मी तुझ्यावर चिडले, मग न पाहिलेल्या सिद्धेशवर, मग शंतनूवर, की हा असा अर्ध्यावर उठून का गेला. पोळ्या जाड झाल्या म्हणून देवयानीशी भांडले. तुझं लग्न झालं की माझा मुलगा पुन्हा एकदा जाईल असं वाटत होतं. हे लिहून टाकते, म्हणजे आपल्यात राहायला नको.

परवा चित्रपट पुन्हा लावला. या वेळी फोलाकेकडे बघितलं. पत्र वाचलं जात असताना ती डेलेकडे बघतच नाही, सारखी सासूच्या तोंडाकडे बघत असते. पहिल्यांदा हे माझ्या नजरेतून सुटलं होतं. तीस वर्षांची परीक्षक! आता दहापैकी साडेसात.

शंतनू गेल्यावर तुला पहिलं पत्र लिहिताना नावाआधी काय घालावं म्हणून पेन अडलं होतं. 'सौ.' गाळून नुसतं 'चि.' लिहिलं आणि मग तीच सवय झाली.

सोबत दुसरा कागद आहे. त्याची रिबीन ओक ट्री रोडच्या साडीच्या दुकानातून आणली. तो सियाने मोठ्याने वाचायचा. तिचं मराठी वाचन कच्चं आहे, अडखळली तरी मध्ये बोलू नका. लोटांगणाचं सिद्धेशच्या कंबरेवर सोपवते.

सियाला सांग, आजी तीच आहे.

आई


श्री. सिद्धेश यांस,
स. न. वि. वि.

आपली मागणी पोचली. आमची मुलगी चि. सौ. कां. आश्लेषा हिच्या मनात असल्यास आमची आनंदाने संमती आहे.

अट एकच. महिन्याचा एक चित्रपट आम्हा दोघींचा, त्यात आपण मत द्यायचं नाही.

मे महिन्यात मी फ्रिस्कोला येते आहे. वधूपक्षाची खुर्ची हातांची ठेवावी, मला उठताना आधार लागतो.

आपली,
नीलांबरी
वधूची आई