मावशींचं शांत घर

सोमवार, ३ जून
पुढच्या आठवड्यात सूनबाई कामावर जाणार. छकुली दीड वर्षाची. दिवसा घरात मी आणि माझं शिलाई मशीन — परवाच तिचं बोट सुईखाली जाता जाता वाचलं. छकुलीची आजी असती तर प्रश्नच नव्हता. देवाची मर्जी!

पाळणाघर पाहून आलो. भिंतींवर ससे, फरशी लख्ख, पण कालवा केवढा! एक रडायचं थांबलं की दुसरं सुरू. तिथली बाई दोघांना कडेवर घेऊन फिरतेय, तिसरं तिची ओढणी ओढतंय. डोकं उठलं.

मंगळवार, ४ जून
मागच्या गल्लीतल्या मावशी घरीच पोरं सांभाळतात. तिथं काय शांतता! चार पोरं भिंतीशी ओळीनं बसलेली, हूं नाही की चूं नाही. कोपऱ्यात दिवा, मावशींच्या तोंडी देवाचं नाव. देवळात आल्यासारखं वाटलं. निघताना म्हणाल्या, भाऊ, तुमच्याकडं चिंध्या निघत असतील, पोरांना खेळायला द्या — जरा लांब पट्ट्या बघून.

बुधवार, ५ जून
रात्री जेवताना वाजलंच. सूनबाईला पाळणाघर हवं. म्हणाली, “बाबा, तिथं पोरं रडतात, कारण रडू देतात.”

मी म्हटलं, तुला तुझी सुटका हवी, पोरीचं काही का होईना! ती ताटावरून उठली. मुलगा खाली मान घालून जेवत राहिला. मग म्हणाला, बाबा म्हणतात तसं करू.

चला, मिटलं.

गुरुवार, ६ जून
मावशींना गाठोडंभर पट्ट्या दिल्या. मलमलच्याच निवडल्या. पोरांना टोचायला नकोत.

सोमवार, २४ जून
छकुली शहाणी झाली! धावत नाही, हट्ट नाही, मशीनकडं फिरकत नाही. सूनबाईला सगळ्यांदेखत ऐकवलं — बघ, वळण म्हणतात ते हे. ती पोरीचे पाय चेपत बसली.

रविवार, ३० जून
सकाळी मशीनखाली पडलेली मलमलची पट्टी उचलली. छकुलीनं पाहिलं. हातातला चेंडू ठेवला, गुपचूप येऊन मशीनच्या पायाला टेकून बसली आणि पाऊल पुढं केलं.

मी गाठ कधी मारतो, याची वाट बघत.