टाळ्यांसकट

पापडी, वसई
६ जानेवारी २०२५

प्रिय श्रीरंग,

नवीन वर्षाच्या शुभेच्छा. तुला आणि लतिकावहिनींना आम्हा दोघांचा नमस्कार. चिपळुणातही थंडी पडली असेल. इथे सकाळी वाडीत धुकं असतं आणि केळीच्या पानांवरून टपटप पाणी गळतं.

तुझा राग पोचला. महिनाभर फोन उचलत नाही, म्हणून ‘पेन्शन सुरू झाली आणि प्लासिडला माज आला’ असं तू तुझ्या बेटीवहिनीला सांगितलंस म्हणे. अरे, माज कसला! फोन बिघडलाय. आणि तू व्हॉट्सॲपवर पाच-पाच मिनिटं बोलून पाठवतोस, ते ऐकत बसायला सवड कुणाला आहे? ऑफिसात आपण एकमेकांना चिठ्ठ्या पाठवायचो, तसं लिही की. तुझं अक्षर अजून कोंबडीचे पाय आहे का, तेही कळेल.

मुख्य बातमी आपल्या गाण्यांच्या सीडींची. पगार झाला की आपण भागीदारीत घ्यायचो, आणि तुझ्या तेव्हाच्या, इथल्या गोखिवऱ्याच्या घरात पाय ठेवायला जागा नाही म्हणून सगळ्या माझ्या कपाटात आल्या. आता खाऱ्या हवेने त्यांना ग्रासलंय. परवा एक उजेडात धरली, तर तिच्या चंदेरी थराला बारीक भोकं. म्हणून सगळ्या कॉम्प्युटरवर उतरवायला घेतल्यात.

कुठल्या रूपात ठेवायच्या, एवढाच प्रश्न होता. एमपी-थ्री लहान असतं. माणसाच्या कानाला जे कळणार नाही असं त्याला वाटतं, ते ते काढून टाकतं. आपलं सुकेळं कसं, केळ्यातलं पाणी जातं पण गोडी राहते, तसं. फ्लॅक म्हणून दुसरा प्रकार आहे. तो काहीच टाकत नाही, नुसती लुगड्यासारखी घडी घालतो, म्हणून जागा फार खातो. मी दोन्ही लावून ऐकले. काडीचाही फरक नाही! तेव्हा ठरलं, एमपी-थ्री, आणि तेही सगळ्यात लहान. अख्खं कपाट एका पेनड्राइव्हवर मावेल. तू गाडीत लाव आणि बोंबलत हिंड. काम झालं की सीडी भंगारात. बेटी त्या कपाटावर डोळा ठेवून आहेच.

चर्चच्या गायनवृंदात व्हायोलिन वाजवणं मी सोडलं. तरुणांना संधी नको का? बाकी क्षेम. बेटी टीव्हीचा आवाज सारखा कमी करते, ‘फादरना चर्चमध्ये ऐकू जाईल’ म्हणते. तेवढं एक भांडण सोडलं तर घरात शांतता आहे.

तुझा,
प्लासिड


पापडी, वसई
११ फेब्रुवारी २०२५

प्रिय श्रीरंग,

पत्र मिळालं. अक्षर कोंबडीचेच पाय, तरी पुन्हा पुन्हा वाचलं. ‘फोन बिघडला तर बेटीच्या फोनवरून बोल, नाहीतर आपली मैत्री संपली असं समज,’ असं लिहिलंयस. आता लपवण्यात अर्थ नाही.

फोन धडधाकट आहे. माझे कान गेलेत.

मागच्या महिन्यात आमची जीना माहेरी आली होती. मोठ्या हौसेने मी तिला आपली ती मैफलीची सीडी ऐकवली, एमपी-थ्री केलेली. आठवतं ना? आपण तिसऱ्या रांगेत होतो, तराणा संपता संपता तू ‘वाहवा, जियो!’ म्हणून ओरडलास, आणि ते रेकॉर्डिंगमध्ये आलं. त्या तुझ्या ओरडण्यासाठीच आपण ती सीडी घेतली. जीनाने हेडफोन लावला आणि तोंड वाकडं केलं. “पप्पा, टाळ्यांना काय झालंय? भजी तळल्यासारख्या येतायत!” मी म्हटलं, तुझा हेडफोन भिकार असेल. मग तिने फ्लॅक लावली. “आता ऐका, किती क्लिअर आहे!” मला दोन्ही सारख्याच. तिने मला पाठमोरं उभं केलं आणि मागून काहीतरी बोलली. मी वळलो तर तिच्या डोळ्यांत पाणी. काय बोलली होती, ते अजून सांगत नाही.

मग कानाचे डॉक्टर. त्यांनी एका बंद खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. मी बोट बटणावर ठेवून आवाजाची वाट बघत बसलो. नंतर कळलं, निम्मे आवाज येऊन गेले होते. आता यंत्र मिळालंय. त्यात बेटीची हाक येते, पण व्हायोलिन पत्र्यासारखं वाजतं, आणि फोनवर आवाज आल्याचं कळतं, शब्द कळत नाहीत. व्हायोलिनची पेटी रोज उघडतो आणि परत लावून ठेवतो. फार वाईट वाटतं, श्रीरंग.

‘काडीचाही फरक नाही’ असं तुला ठणकावून लिहिलं होतं. फरक होता, माझ्यापर्यंत पोचत नव्हता. आणि त्या भरवशावर मी सगळं भंगारात घालायला निघालो होतो! कान गेल्याचं कळलं तेव्हा घाबरलो नाही एवढा त्या विचाराने घाबरलो.

पण रडत बसायचं नाही हे ठरवलंय. एमपी-थ्री सगळी पुसून टाकली. पहिल्या सीडीपासून पुन्हा सुरुवात केलीय, फ्लॅकमध्ये. खाऊ दे किती जागा खायची ती. मला ऐकू येत नाही म्हणून ते नाहीच, असं म्हणणारा मी कोण? एक सूर गाळणार नाही. टाळ्या, खोकले, तंबोरा लावताना होणारी खुडबुड, सगळं ठेवणार. दोन हार्ड डिस्क आणल्यात. एक इथे राहील, दुसरी चिपळूणला तुझ्या घरी, या खाऱ्या हवेपासून लांब.

अडचण एकच. ज्या सीडींवर ओरखडे आहेत, त्यांच्यात मध्येच टक् वाजतं की नाही हे कुणीतरी ऐकून बघायला हवं. जीना बघेल, पण गवयाने घेतलेला श्वास कुठला आणि खरखर कुठली, हे तिला नाही कळायचं. ते तुलाच कळेल. तेव्हा लतिकावहिनींना घेऊन राहायलाच ये. बेटी म्हणते, ओल्या बोंबलांचं कालवण करीन.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर आवाजाची रेघ दिसते. तराण्याच्या शेवटी ती एकदम उंच जाते. तिथे तू आहेस. मी रोज एकदा तिथपर्यंत जातो आणि ती रेघ बघून येतो. तुझी ‘वाहवा’ पूर्ण उतरलीय की नाही, हे तू तुझ्या कानांनी ऐक आणि मला लिहून दाखव.

निघताना फोन करू नकोस. दारात बेल वाजवत आणि माझ्या नावाने बोंबा मारत उभा राहू नकोस. मी पडवीत रस्त्याकडे तोंड करून बसलेलो असेन. लांबूनच हात हलव.

तुझी वाट बघणारा,
प्लासिड