उसाला आलेले तुरे

कोरेगाव, ८ जानेवारी, संध्याकाळ

शेजारच्या ताराक्कांना आज त्यांच्या मळ्यात घेऊन गेले. दृष्टी गेल्यापासून वर्षभर त्यांना तिकडं कुणी नेलंच नव्हतं. बांधावर टेकल्या आणि म्हणाल्या, “काय दिसतंय ते सांग.”

मी सांगत सुटले. कलतं ऊन, पाटाचं पाणी, आणि उसावर चंदेरी तुरे, वाऱ्यानं सगळे एकाच अंगाला झुकलेले. किती सुंदर!

“ऊस हुबा हाय? आन् तुरं आल्यात?” आक्का ताठ झाल्या. “आगं, तुरा आला म्हंजे ऊस आतनं पोकळ पडतो. एवढी पुस्तकं लिवतीस, आन् ह्ये म्हाईत न्हाई व्हय?”

मी पुन्हा त्या तुऱ्यांकडं पाहिलं.

“लेक म्हनला, ऊस कवाच तुटून गेला. आंधळीला काय बी सांगावं!”

तोड लांबल्याचा आईला घोर नको म्हणून तो खोटं बोलला असणार. आणि मी त्या तुऱ्यांच्या नादात... वाटलं, आता रडतील. त्यांनी माझा हात चाचपून धरला. “आता वाकून पानं बघ. पिवळी हाईत का?”

मग अंधारेपर्यंत त्या विचारत होत्या, मी पाहत होते. पानाची कड, कांडं, मातीची ओल. इतकं निरखून मी कधी काही पाहिलं होतं?

घरी पोचताच उंबऱ्यातूनच त्यांनी लेकाला हाक दिली, “उद्या ऊसतोडीच्या मुकादमाला बोलीव. मी बोलते त्याच्याशी.”

तो माझ्याकडं रागानं बघत राहिला. मला वाईट वाटायला हवं. अजून तरी वाटत नाहीये.