वेणू काळे, येनू काये

वाशीम,
मंगळवार

ती. गजेंद्रभाऊजींस रंगरावचा सादर नमस्कार.

तुमची बीपीची गोळी वेळेवर चालू असेल आणि साधनाताईचा गुडघा आता तिला जिना चढू देत असेल, अशी आशा करतो. आमच्या मळ्यात मेथी बरी आहे, वांग्यांना कीड आहे. फोन सोडून पत्र लिहितो, कारण फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही (राग नसावा).

तुमची तनुजा महिनाभरापूर्वी आमच्याकडे आली. "कंप्युटरवर शब्दाशी शब्द जुळवणं हा काय धंदा, भाचीला जरा समजाव," असं तुम्ही सांगितलं होतं. मी समजावायलाच बसलो होतो. तेवढ्यात आई (म्हणजे तुमच्या सासूबाई हौसाबाई) येऊन म्हणाली, "तनू, तुह्या त्या कंप्युटरात माही येनू सापडते का पाह्य."

येनू ही आईची बालमैत्रीण. दहा वर्षांच्या असताना दोघी विहिरीवर गेल्या आणि आई आत पडली. येनूनं उडी मारून तिला वर काढलं. आता घरी मार बसेल म्हणून आईनं सांगून टाकलं, की येनूनंच ढकललं. मार येनूला बसला. पुढं तिचं लग्न काये नावाच्या घरात झालं, एवढंच आईला ठाऊक. पासष्ट वर्षं तिनं हे कोणाला सांगितलं नव्हतं (मलाही नाही, आणि मी तिच्याच घरात राहतो). मरायच्या आत एकदा माफी मागायची, एवढंच तिचं म्हणणं.

तनुजानं जिल्ह्याच्या मतदार याद्या मिळवल्या आणि 'वेणूबाई काळे' शोधायला घेतलं. पहिली रीत अशी, की एका नावाचं दुसरं करायला किती अक्षरं बदलावी लागतात ते मोजायचं. जितकी कमी, तितकं नाव जवळचं. शेलूबाजारच्या रेणूबाई काळे फक्त एका अक्षरानं हुकत होत्या आणि वयही जुळत होतं. यादी लिहिणाऱ्यानं व चा र केला असेल, असं म्हणून मेथीच्या चार जुड्या घेऊन आम्ही जीपमध्ये बसलो. आईनं रेणूबाईंचे पाय धरले, विहिरीपासून मारापर्यंत सगळं सांगितलं, रडली. रेणूबाईंनी मोठ्या मनानं माफ केलं, जेवू घातलं, आणि आम्ही निघताना विचारलं, "पन बाई, कोनती हीर? आमच्या माहेरी तं नदी हाये." (त्यांना कमी ऐकू येतं.)

दुसरी रीत आवाजाची. सारख्या उच्चाराची अक्षरं एकाच डब्यात टाकायची. त्यात वेणू, वेनू, विनू अशा पुष्कळ बाया निघाल्या, पण कोणी तिशीतली, कोणी काळेच नाही. ही रीत पहिलं अक्षर मात्र घट्ट धरून ठेवते, ते सोडत नाही.

तनुजानं दोन दिवस कंप्युटर बंद ठेवला. मग आजीजवळ वही घेऊन बसली आणि तिला नुसतं बोलू दिलं. वेलाला येल, डोळ्याला डोया, पाण्याला पानी. संध्याकाळी मला म्हणाली, "मामा, चूक माझी. आजी पहिल्यापासून येनू काये म्हणत होती. मीच ते शुद्ध करून टाकलं." भाऊजी, तेवीस वर्षांच्या पोरीनं इतक्या सरळ कबूल केलेलं मी पाहिलं नव्हतं. आपल्याकडे ज्यांचे उच्चार एक होतात ती अक्षरं तिनं एका डब्यात टाकली, पहिल्या अक्षरालाही सूट दिली, आणि वर पहिल्या रीतीनं उरलेला फरक मोजला. पहिलंच नाव आलं ते केनवडचं. यादी करणाऱ्यानं ऐकलं तसं लिहून ठेवलं होतं: येनुबाई काये, वय पंच्याहत्तर.

ती अंगणात तूर निवडत होती. आईला पाहिल्याबरोबर "हौसा" म्हणाली. आईनं पाय धरले. "येनू, मी खोटं सांगतलं वं. तू कुठी ढकललं होतं मले?"

येनूबाई सूप बाजूला ठेवून म्हणाली, "ढकललंच होतं. तू माही लाल रिबीन घेतली होती. मले वाटलं तुले मालूम हाये, म्हनून तं सांगतलं तू."

आईनं पाय सोडले. दोघी एकमेकींकडे पाहून अशा हसायला लागल्या की शेजारीपाजारी गोळा झाले. त्या दिवसापासून आईला रोज झोप लागते. पोरीच्या हुशारीची तारीफ मी इथं भाजीबाजारातही करून राह्यलो.

ताईला नमस्कार.

आपला,
रंगराव

ता. क. : हैद्राबादच्या संस्थेत हेच काम पुढं शिकायला तनुजाला जागा मिळाली आहे आणि तुम्ही नाही म्हणालात, हे मला माहीत आहे. हो म्हणावं, एवढीच विनंती.

ता. क. दुसरा : प्रवेशाची मुदत उद्या संपते, म्हणून काल मीच तिला गाडीत बसवून दिलं. पोर एकटी कशी राहील ही काळजी करू नये, आई सोबत गेली आहे. आई परत कधी येणार, हे तिनं मला सांगितलेलं नाही.