बहमनला अजून दोन महिने

शेमशक, २६ आझर

प्रिय माहलकाताई,

सलाम. आईच्या गुडघ्यांचं रडगाणं सोडलं तर इकडे सगळं ठीक. दाजींचा जीव वाचवला म्हणून तू पाठवलेली डाळिंबांची पेटी पोचली. आईनं अर्धी आळीत वाटली आणि घरोघर सांगून आली, "माझ्या नोझरनं जावयाला अकरा मिनिटांत बर्फातून उकरून काढला." मला मात्र एक दाणा घशाखाली उतरेना. का, ते मलाही धड कळत नाहीये, म्हणून लिहायला बसलो.

वाटाड्यांच्या समितीचा माणूस येऊन गेला. शनिवारी बैठक आहे. पाहुण्यांना धोक्याच्या उतारावर नेलं म्हणून दाजींचा बिल्ला काढून घेणार, आणि त्यांच्या जागी मी. वर माझं अभिनंदनही केलं त्यानं. मी त्याला चहा दिला.

ताई, महिन्याच्या सुरुवातीच्या त्या सकाळचा क्रमच लागत नाही मला. पायाखालचा बर्फ धप्पकन बसला, उतार सुटणार असल्याची ती खूण, तो मी बोलायच्या आधी की नंतर? तो आवाज दाजींनी ऐकला, की मी एकट्यानंच? रोज वेगळं आठवतं. डोक्याचं पार भजं झालंय.

पण एवढं पक्कं आहे. दाजी उताराच्या कडेला थांबले आणि फावड्यानं हातभर खणलं. वर वाऱ्यानं थापलेला ताजा बर्फ, आणि खाली आधीच्या आबान महिन्यातला जुना, साखरेसारखा सुटा झालेला. मूठभर माझ्या हातावर ओतून म्हणाले, "हे वरचं यावर टिकायचं नाही. डोंगराच्या धारेवरून वळसा घेऊ. दोन तास जास्त गेले तर जाऊ देत."

तेहरानचे तिघं पाहुणे गारठून कुरकुरत होते. आणि मी, माझ्या जिभेला कधी हाड होतं, म्हणालो, "दाजी, बहमनला अजून दोन महिने आहेत. आझरमध्येच म्हातारे झालात?"

कड्यावरून कोसळणाऱ्या बर्फालाही बहमन म्हणायचं आणि ऐन थंडीतल्या महिन्यालाही. आपल्याकडे पोरंसोरंही हा विनोद करतात, जणू बर्फ कॅलेंडर बघून सुटतो. पाहुणे खो खो हसले. दाजींचा चेहरा लाल झाला. त्यांनी फावडं पाठीला अडकवलं, "मी पलीकडे पोचेपर्यंत कुणी पाऊल टाकायचं नाही," असं बजावलं आणि एकटेच निघाले. तेवढं बजावलं म्हणून आम्ही चौघं जिवंत आहोत. ते मध्यावर पोचले आणि अख्खा उतार सुटला.

उकरणारा मी, हे खरं. पण नुसत्या थट्टेनं कुणी ढकललं जातं का? एवढे जाणते, नाही म्हणू शकले असते. असं मनाशी म्हटलं की घटकाभर बरं वाटतं, मग माझीच मला किळस येते.

परवा दवाखान्यात तू औषधं आणायला खाली गेलीस. दाजींना त्या दिवसाचं काहीच आठवत नाही. माझा हात धरून म्हणाले, "नोझर, तीस वर्षं या डोंगरात काढली. मी का गेलो रे त्या उतारावर?"

मी म्हणालो, "काय माहीत, दाजी."

याच पत्राची नक्कल समितीकडेही देतोय. तू हे दाजींच्या उशाशी बसून मोठ्यानं वाच.

मला माहीत होतं, ताई.

नोझर